काजळीचं माप

लहानथोरांनो, फार जुनी गोष्ट आहे. दरीतलं धुकं तेव्हा गावाच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. संध्याकाळी कुणी कुणाला हाक मारत नसे, कारण ओ भलत्याच दिशेने यायची.

त्या गावाचं पाणी दरीपलीकडच्या झऱ्यावर होतं. तिकडे जायला वेलींच्या जाड दोरावरून सरकणारा एक पाळणा होता आणि तो झाडाच्या चिकापासून केलेल्या दोन पट्ट्यांवर टांगलेला होता. खालून वारा अचानक उसळी मारायचा. तेव्हा पट्टे ताणले जात, पुन्हा आखडत आणि आतलं माणूस सुखरूप पलीकडे पोचे.

पट्टे करणारा गावात एकच होता. झाडाच्या पांढऱ्या चिकात तो बळासाठी काजळी घालायचा, लवचिकपणासाठी करंजाचं तेल, आणि भट्टीत सगळं एकजीव व्हावं म्हणून चिमूटभर गंधक. भट्टीतून निघालेला पट्टा तो कानाशी धरून ताणायचा. सोडताना त्यातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला, तर माप जमलं म्हणायचं. नवख्याच्या अंगावर त्या आवाजाने काटा यायचा; शेजारी कुणीतरी झोपलंय असं वाटायचं.

गावाला मात्र ताणणारा पट्टा आवडेना. पाळणा हेलकावला की लोक डोळे मिटून कडा घट्ट धरत. गावप्रमुख म्हणाला, "अरे, पट्टा आहे की शेवई? जरा घट्ट कर की."

मग काजळी वाढली. पट्टा काळाभोर, टणक झाला. लोक त्यात नख रुतवून बघत आणि रुतलं नाही की वाहवा करत. वाहवा कुणाला नको असते? दर खेपेला ओंजळभर काजळी जास्त पडू लागली.

एकदा त्याने नवा पट्टा कानाशी धरला, तर आवाजच आला नाही.

"अहो, हा गप्प का?" बायकोने विचारलं.

"त्याला ओझं उचलायचंय. बोलायचंय कशाला?"

"मला भीती वाटते."

"तुझ्या भीतीपायी गावाला काय सांगू? माझा हात मऊ पडला म्हणून?"

नव्या पट्ट्यावरची पहिली फेरी पट्टा करणाऱ्याच्या घरच्या माणसाने करायची, अशी गावाची रीत होती. घरात दोघंच. पाळणा ओढायला तो काठावर लागायचा, म्हणून ती बसली. कळशी मांडीवर घेऊन निघाली. पाळणा जराही हलला नाही, तेव्हा काठावरचे लोक खूश झाले.

"आता कसं," गावप्रमुख म्हणाला.

मधोमध खालून वारा उसळला. पट्टा तसूभरही ताणला नाही. तो तुटला, आणि त्यामागोमाग दुसराही.

पाळणा धुक्यात गेला. सगळे कान देऊन उभे राहिले. किंकाळी आली नाही, कळशी आपटल्याचा आवाज आला नाही. अंधार पडेपर्यंत आला नाही आणि दुसऱ्या दिवशीही आला नाही.

पट्टे आता दुसराच कुणी करतो, काजळीला हात राखून. पाळणा हेलकावला तर कुणी तक्रार करत नाही. ज्याची बायको गेली, तो दरीच्या काठावर खाली कान लावून बसलेला असतो. कुणी जवळ गेलं, तर ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणतो, "थांबा. ती अजून खाली पोचायचीय."

कौतुकापायी एकच गुण वाढवत नेला, की त्याच्याखाली बाकीचे गुण गुदमरून मरतात.