आत आधीच एक आहे

यातला एक शब्द खरा मानून दाखव, कानातली बुगडी काढून देते.

एका गावात एक भोळा तातोबा होता. लेक सुलू कॉलेजात, म्हणून घरात कॉम्प्युटर आणलेला. शेजाऱ्यानं त्याच्या मनात भरवलं, वरून अँटीव्हायरस विकत घालावा लागतो, नायतर सगळं बुडालं. तातोबा गेला अण्णूकडं. अण्णूचं चावडीजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

अण्णू म्हणाला, "विकत कशाला, तात्या? आत आधीच एक राखणदार हाय. दुसरा घातला तर दोघं आपसांतच भांडतात. त्या एकालाच अपडेट करत जावा."

तातोबानं बोध गाठीला बांधला. बायको गोजरासंगं बाजाराला निघाला, तर दाराचं कुलूप काढून आडात टाकलं. का, तर दाराला आतून कडी हाय, दोघं भांडतील. परत येऊन बघतात तर शेजाऱ्याची म्हैस माजघरात, आन् पिठाचा डबा चाटूनपुसून साफ.

मग कॉम्प्युटरवर कसलंसं बक्षीस लागलं. अण्णू म्हणाला, अनोळखी काय आलं तर उघडायचं नाय. दुसऱ्याच दिवशी मेव्हणा आला, मिशा काढून. तातोबानं दार उघडलंच नाय. मेव्हणा दुपारभर उन्हात भाजला आन् रुसून गेला.

गोजरा म्हणाली, "अवो, आलेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, चौकशी करायची. उद्या सुलूला बघायला पावणं येणार. हे स्थळ मोडलं तर मी माहेरी निघून जाईन."

दुसऱ्या दिवशी गोजरा दूध आणाय गेली, आन् नेमका तेवढ्यात सुलूचा कॉम्प्युटर अडला. अण्णू आला. तातोबानं त्याला बसवलं, पाणी दिलं. शेती किती, आई काय करती, जेवणात तिखट चालतं का, समदं विचारलं. सुलूनं पोह्याची बशी आणली. अण्णूचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात दारात जीप थांबली. फेटेवाले पावणे उतरले, मधी नवरा मुलगा. म्हणाले, मुलगी बघाय आलोय.

तातोबा उंबऱ्यात आडवा झाला, हात जोडले. "उगा त्रास घेतला तुम्ही. आत आधीच एक हाय. दुसरा घेतला तर दोघं भांडतील. आम्ही त्या एकालाच अपडेट करत जाऊ."

गोजरा दूध घेऊन आली तवा जीपची धूळ तेवढी उरलेली. माहेरी जावं, तर भाऊ रुसून बसलेला.

आन् तो कॉम्प्युटर? त्याला काय धाड भरलीया. वायर सुलूनंच उपसली होती. आता तोंड मिट आन् नीघ इथनं. बुगडी माझ्याच कानात बरी.