ठमाची भाकरी

फार फार मागे, काळकड्याच्या वाडीला पायवाटही धड नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाडी जगायची हिरड्यावर. वैशाखात फळ हिरवं, कोवळं असतानाच काठीनं झोडायचं, वाळवायचं, घाटाखाली देऊन मीठ-तांदूळ आणायचे. व्यापाऱ्याला कोवळाच लागे. म्हणून वाडी एकही फळ झाडावर ठेवत नसे.

गोमाजी कारभाऱ्याच्या सुनेनं, ठमानं, एका वैशाखात काठी खाली टाकली.

"मामंजी, या डोंगरावर माझ्या मनगटाएवढं एक झाड दाखवा. सगळी म्हातारीच उभी आहेत. फळ पिकावं, भेकरानं गर खाऊन आठळी लांब टाकावी, तेव्हा कुठं रोप येतं. आपण पिकूच देत नाही."

"झाडं काय तुझ्या बापानं लावली? देवानं लावली. देव बघंल."

"देवानं बी दिलं. ते तुम्ही खाल्लंत."

म्हातारे खदाखदा हसले. "गोमाजी, सुनेला दावं बांधा!" हसायला त्यांचं काय जात होतं? त्यांच्या मरणापर्यंत सावली पुरणार होती.

पण पुरली नाही. झाडं आतून पोकळ झालेली. दर पावसाळ्यात वारा दहा-वीस आडवी करी. शेवटी एक हिरडा उरला. वैशाखात त्यालाही झोडायला काठ्या निघाल्या, तेव्हा ठमा शेंड्यावर जाऊन बसली. "पिकल्याशिवाय उतरणार नाही."

बायका त्याच काठ्यांच्या टोकाला भाकरी बांधून वर द्यायच्या. आषाढ तिच्या अंगावरून गेला. तिच्या केसांत शेवाळ धरलं, बोटांवर साल चढली, असं म्हणतात. श्रावणात वाडीचं मीठ संपलं, आणि गोमाजीनं फर्मान काढलं, "भाकरी वर द्यायची नाही. भूक उतरवील तिला."

भुकेनं उतरवली नाही.

मार्गशीर्षात फळं पिवळी झाली. मग माणसं वर चढली. ठमा फांदीला मिठी मारून बसली होती, वाळलेली, हलकी. पदरात पिकले हिरडे. म्हातारे म्हणाले, देवी झाली. देवी म्हणायला सोपं असतं. ती उपाशी मेली, आणि मारणाऱ्यांना नावं होती.

पदरातल्या हिरड्यांसकट तिला झाडाखाली पुरलं. हिरड्याची आठळी कठीण, पहिला पाऊस झोपून काढते. दुसऱ्या पावसात रोपं उठली. ठमाच्या थडग्यापासून रांगेनं चालत आली ती थेट गोमाजीच्या ओसरीत, सारवण फोडून. त्यानं उपटली, ती पुन्हा आली. चुलीत आली, उशाखाली आली. एके सकाळी तो घर सोडून गेला, तो परत कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

आज काळकड्यावर रान आहे. दर उतारावरचं एक झाड कुणी झोडत नाही. आणि फळ पिवळं पडलं की वाडीतला सगळ्यात म्हातारा पुरुष, सकाळपासून उपाशी, काठीच्या टोकाला भाकरी बांधून ठमाच्या झाडाखाली उभा राहतो. कावळ्यानं भाकरी नेईपर्यंत काठी खाली आणायची नाही. उन्हं चढतात, काठी जड होत जाते. बायका समोर बसून बघतात. काठीला हात कुणी लावत नाही.