तापलं की आधी तेल

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा जावई होता. जावई एकाच घरचा, पण भोळा सगळ्या तालुक्यात. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, एवढीच त्याची खोड.

त्याच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, त्याला आपली मोटारसायकल वापरायला दिली. दारापुढेच उतार. म्हणून बजावलं, "जावईबापू, ब्रेकवरचा पाय काढायचा नाही हं."

"नाही काढणार," गुणाजी म्हणाला.

पुढे बायको हौसा माहेरी गेली, ती तिथेच अडकली. आप्पांचा निरोप आला, "माझी गाडी धड आणून दाखवा, मगच पोरगी न्या. ज्याला यंत्र सांभाळता येईना, तो बायको काय सांभाळणार?"

गुणाजी निघाला. अर्ध्या वाटेत गाडी धापा टाकायला लागली, पायाला चटके बसायला लागले. काय झालंय बघावं म्हणून त्याने उतरून इंजिनावर हात ठेवला. मग हात झटकत रस्त्यात नाचला.

चहाच्या टपरीवरची काकू ओरडली, "अरे मुडद्या, हात काय लावतोस? पाण्याचे चार थेंब टाकायचे. चुर्र वाजलं की गरम!"

गुणाजीला पटलं. काकूने चहा दिला. त्याने चहात पाण्याचे चार थेंब टाकले. चुर्र काही वाजलं नाही. मग त्याने निर्धास्तपणे एका घोटात पेला रिकामा केला.

त्याचे डोळे पांढरे झालेले बघून काकू म्हणाली, "गरम असलं की बशीत ओतावं रे, फुंकर घालावी!"

"अफं होय," गुणाजी भाजलेल्या जिभेने म्हणाला.

त्याने काकूची परात मागून घेतली, गाडीखाली सरकवली, खालचा नट काढला आणि इंजिनातलं सगळं तेल परातीत ओतलं. मग मांडी घालून फुंकत बसला.

समोरच्या गॅरेजातून इक्बालभाई धावत आले. "ओ पाव्हणं, हे काय?"

"निववतोय."

"तेलाशिवाय इंजिन जळेल की! तापलं की आधी तेल बघायचं. कोरडं दिसलं की वरून ओतायचं. राहील ध्यानात?"

"राहील."

राहिलं, हीच तर पंचाईत. इक्बालभाईंनी नवं तेल भरलं आणि उरलेला डबा हँडलला अडकवून दिला.

सासरवाडीला पोचताच हौसा दारातच कुजबुजली, "अहो, जपून. आप्पा सकाळपासून तापलेत."

गुणाजी डबा घेऊनच आत शिरला. हात लावायचा नाही, हे तो शिकला होता. त्याने आप्पांच्या टकलावर पाण्याचे चार थेंब टाकले. चुर्र वाजलं नाही, पण आप्पांचा आवाज वाढला. त्याने फुंकर घातली. आवाज आणखी वाढला. मग त्याने नीट बघितलं. टक्कल अगदी कोरडं.

त्याने डबा उपडा केला.

"अरे, हे घरात आणलंस कशाला?" मिशांतून तेल गाळत आप्पा किंचाळले.

"गाडी तापत होती आप्पा."

"माझी गाडी? कधी तापली नाही ती!" आप्पा तसेच निथळत बाहेर गेले. गाडीभोवती फिरले. मागच्या चाकाजवळ वाकून थबकले. "ब्रेक दाबून चालवता की काय?"

"तुम्हीच म्हणालात, पाय काढायचा नाही. आजवर काढला नाही."

हौसा पदर तोंडात कोंबून हसत होती. "बघा आप्पा, तुमचा शब्द पाळणारं एक तरी माणूस निघालं."

आप्पांनी भुवयांवरचं तेल पुसलं. "जा बाई, जा ह्याच्याबरोबर. आणि जावईबापू, आता त्या ब्रेकला पाय लावाल तर याद राखा!"

"नाही लावणार."

गुणाजीने डबा परत हँडलला अडकवला आणि गाडी भन्नाट निघाली. इकडे गुणाजीची आई सुनेवरून ओवाळायला भाकरतुकडा घेऊन दारात उभी. गाडी आली. गाडी गेली. "अरे, थांब!" आई ओरडली.

"आप्पा नको म्हणालेत!" गुणाजी ओरडला.

तिसऱ्या गावाच्या माळावर पेट्रोल संपलं, तेव्हा गाडी थांबली. गुणाजीने उतरून इंजिनावर पाण्याचे चार थेंब टाकले. चुर्र नाही की फुर्र नाही. "बघ," तो खुशीत म्हणाला, "गाडी अजिबात तापली नाही."

हौसा मात्र तापली होती.

गुणाजीने हँडलला हात घातला आणि डब्यात थोडं तेल उरलंय का, ते हलवून पाहिलं.