भुंग्याचे कागद

कुत्र्यांनाही विमानात बसायला कागद लागू लागले, तेव्हाची गोष्ट. म्हातारा भुंग्या कुंपणावरच्या चिंगी मांजरीला ऐटीत म्हणाला, "मी कॅनडाला निघालो, आहेस कुठं! म्हणजे, पेटाऱ्यात कोंडून नेणार आहेत."

सुया टोचून घेऊन तो पार शिणला होता. पेटाऱ्याची सवय व्हावी म्हणून हल्ली त्याला जेवणही त्यातच मिळे.

"आत जाऊच नकोस," चिंगी म्हणाली. "मग कोण नेतंय तुला?"

"मला का हौस आहे, भवाने? पण तिकडे लेकाकडे आमच्या मालकीणकाकूंना एकटीला करमायचं नाही. त्यांच्यासाठी जातोय." उसासा टाकून तो पेटाऱ्यात शिरला.

"अरे खुळ्या, पाय तर त्यांचाही निघत नाहीये. काल शेजारणीपाशी रडत होत्या, 'भुंग्याचेसुद्धा कागद झाले, आता लेकाला नाही कसं म्हणू?'"