साफ केलेल्या नोंदी

"कुणी विश्वास ठेवत नाही माझ्यावर, माई. चार मठांत एकही नाही."

माई गुडघ्याला तेल चोळत होत्या. मान वर केली नाही.

"कशाबद्दल?"

"वहीतली बचनागाची मात्रा मी लिहिली नाही. इतक्या वर्षांत ते विष पहिल्यांदाच औषधात दिलं, ते वहीत बघून दुप्पट. शेवंताक्का मरता मरता वाचली. उद्या मला औषधघरातून काढणार म्हणे."

इंदुमतीला कॉम्प्युटर सगळ्यांत चांगला यायचा, आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. चारी मठांची औषधांची वही कॉम्प्युटरवरच होती. प्रत्येक मठाकडे तिची नक्कल. कुणी एक ओळ जरी बदलली तरी कोणी, कधी, का, ते मागे राहायचं.

"मग जुन्या नोंदी उघड. कोणी लिहिलं ते निघेल."



"नोंदी नाहीत, माई."

"गेल्या का घालवल्यास?"

"साफ केल्या. माझ्या दोन चुका होत्या त्यात, पलीकडच्या मठातल्या सखूनं सुधारलेल्या. येणारी-जाणारी वाचायची. म्हणून नऊ वर्षांचं सगळं एकत्र केलं आणि मी नव्यानं एकच स्वच्छ नोंद केली."

"बाकीच्यांकडच्या नकला?"

"त्यांना म्हटलं, जुनं पुसा, माझं घ्या. नाहीतर जुळणार नाही."

"सखूचं महिनाभराचं काम होतं तिच्या नकलेत."

"... ते नाही जुळलं. तिनं परत लिहिलं."

माईंनी तेलाची वाटी सरकवली. सकाळपासून या वहीपायी तीन बायका भांडून गेल्या होत्या. अंगात त्राण नव्हतं.

"फिरव तो पडदा. ओळ कुणाची ते दिसतं ना अजून?"

"दिसतं."

"वाच. हिरड्याचा काढा."

"इंदुमती."

"तो मी लिहिलेला. तू आली पण नव्हतीस. अडुळसा?"

"इंदुमती."

"तो सखूचा. चांगला उतरलाय... आता बचनाग."

इंदुमती पडद्यापासून मागं सरकली.

"माई, तुम्हाला तरी माहीत आहे ना, मी नाही ते?"

"मला वाटतं तसं. माहीत आता कुणालाच नाही."

"उद्या सगळ्या तुम्हालाच विचारतील. काय सांगाल?"

माईंनी पदराला चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या, ओळीवर बोट ठेवलं.

"इंदुमती."