गावंडे बाईंनी सुचवलेली शाळा

शहर संपते तिथे वसलेल्या एका उपनगरात केतकी नावाची एक आई राहायची. तिची मुलगी शर्वरी चौथी पास झाली होती. पाचवी ते आठवीसाठी तिथे नगरपालिकेच्या तीन शाळा होत्या. एक टेकडीवर, एक तळ्याकाठी आणि एक बाजारामागे. यांतली कोणतीही निवडा, असे पालकांना सांगण्यात आले आणि केतकीची झोप उडाली.

शर्वरी बोलताना अडखळायची. घरी फारसे नाही, पण चारचौघांत शब्द ओठांपर्यंत येऊन थांबायचा. जुन्या शाळेत मुले तिची नक्कल करत, म्हणून तिने वर्गात बोलणेच सोडून दिले होते. शाळा निवडताना आपण चुकलो तर पोर कायमची गप्प होईल, ही केतकीची भीती. पण ती हे कोणाला सांगत नसे. सांगितले तर पोरीवर शिक्का बसेल, असे तिला वाटे.

केतकी शिकलेली होती, त्यामुळे काळजीसुद्धा ती पद्धतशीर करायची. तिन्ही शाळा तिने हिंडून पाहिल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या लावून पाहिल्या, नळाचे पाणी पिऊन पाहिले. दोष सापडला असता तर बरे झाले असते. पण टेकडीवरच्या प्रयोगशाळेत मुले स्वतः सूक्ष्मदर्शक हाताळत होती. तळ्याकाठच्या मुली कबड्डीत भल्याभल्यांना लोळवत होत्या. बाजारामागच्या शाळेत पुस्तकांच्या कपाटाला कुलूपच नव्हते, आणि पुस्तके वाचून वाचून मऊ झाली होती. तिन्ही शाळा चांगल्या निघाल्या आणि पंचाईत वाढली.

शेवटी तिने सकाळचा परिपाठ पाहून ठरवायचे ठरवले. कबड्डीची शर्वरीला गोडी नव्हती, तेव्हा तळ्याकाठची शाळा गळली आणि राहिल्या दोन. टेकडीवर एका मुलीने माईकवर बातम्या वाचल्या, अगदी रेडिओवर वाचतात तशा. बाजारामागे एक मुलगा एका लांबलचक शब्दावर अडला तो अडलाच. शिक्षकांनी त्याला शब्द पुरवला नाही. सगळी शाळा थांबून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने तो शब्द म्हटला आणि बातमी पुरी केली. इथल्या पोरांना धड वाचताही येत नाही, असे म्हणत केतकीने ती शाळा मनातून काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती शर्वरीला घेऊन टेकडीवर गेली. मुख्याध्यापिका गावंडे बाईंना त्या वर्षी एकेक मूल मोलाचे होते. पट घसरला होता. पाचवीची दुसरी तुकडी टिकवायला मुले कमी पडत होती, आणि तुकडी गेली की एक शिक्षकही दुसरीकडे जाणार होता. सगळा स्टाफ दारोदार फिरत होता. त्यात ही मायलेकींची जोडी आपल्या पायांनी चालत आली.

बाईंनी मुलीला नाव विचारले. केतकीने सांगितले. आवडता विषय विचारला. तोही केतकीनेच सांगितला.

"ताई," बाई म्हणाल्या, "पाचवीत तुम्ही बसणार आहात, की ही?"

केतकी ओशाळली. शर्वरी आपले नाव सांगू लागली आणि पहिल्याच अक्षरावर अडली. आईच्या ओठांवर ते नाव आलेच होते, पण बाईंनी हळूच हात वर केला. मग नाव आले, पूर्ण आले. नाव कोणी ठेवले, हे बाईंनी विचारले. आत्याने, हेही आले, सावकाश.

बाईंनी समोरचा प्रवेशाचा अर्ज बाजूला सारला.

"हिला बाजारामागे रोकडे सरांच्या शाळेत घाला," त्या म्हणाल्या.

केतकीला ते लागले. "अडखळते म्हणून नको का?"

"तुम्ही म्हणत असाल तर आत्ता घेते. मला तर मुलं हवीच आहेत. पण खरं सांगू? आमचा परिपाठ छान होतो, कारण रोज तीच ती चार मुलं करतात. ही खोड मोडायला मी बघतेय, अजून जमलेलं नाही. सरांकडे सगळ्यांची पाळी येते. येतंय त्याचीही, नाही येत त्याचीही."

"पण तिथला मुलगा अडला होता," केतकी म्हणाली.

"मग? हसलं कोणी?"

केतकीने आठवून पाहिले. कोणी हसले नव्हते. एवढी मुले उन्हात उभी होती, आणि त्या एका शब्दासाठी सगळी थांबली होती. जे पाहून तिने ती शाळा नाकारली, तेच तिथे पाहण्यासारखे होते.

शर्वरी रोकडे सरांच्या शाळेत गेली. टेकडीवरची दुसरी तुकडी मात्र जुलैत बंद झाली. एक शिक्षक गेले आणि त्यांचे गणिताचे तास बाई स्वतः घेऊ लागल्या.

दिवाळीच्या सुमारास केतकीला बाई मंडईत भेटल्या. तोंड कसे दाखवावे, हे तिला कळेना. तुमची तुकडी गेली, आणि आम्ही मात्र, असे काहीतरी ती पुटपुटली.

"तुकडीचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "पोरगी बोलते का?"

"बोलते, बाई. परवा सरांनी बोलावून घेतलं होतं. तासाला फार बडबड करते म्हणाले."

गावंडे बाई इतक्या हसल्या, की भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून तशीच पाहत राहिली.

तात्पर्य: शाळा शाळेशी ताडून पाहण्याआधी आपले मूल नीट पाहावे, आणि स्वतःचे नुकसान सोसून जो आपल्या मुलाचे भले सांगतो, त्याचा शब्द मानावा.