प्लास्टिकातला पहिलवान

यंत्रं-अवजारं आपसांत बोलायची, पण माणसांना ती ऐकू यायची नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. अच्युतराव ठोसरांच्या गॅरेजात गाडी कमी आणि सुतारकाम जास्त चाले. तिथला लाकडाचा भुसा ओढायला बाजार पालथा घालून त्यांनी एक भरवशाचा व्हॅक्यूम क्लीनर निवडला. तो म्हणजे मी.

आल्या आल्या मी कोपऱ्यातल्या खराट्याला म्हणालो, "आता तुम्ही बसा, आजोबा."

"बरं बाबा," तो म्हणाला. तेवढ्यात अच्युतरावांनी त्यालाच उचलून भुसा झाडला. "नव्या वस्तूत आत्ताच कशाला घाण?" असं म्हणत त्यांनी माझं प्लास्टिकही काढलं नाही. उलट माझ्यावर धूळ बसू नये म्हणून वरून जुनी चादर घातली. दर खंडेनवमीला झेंडूचा हार मला मिळायचा आणि खाली पडलेल्या पाकळ्या खराट्याला. मी मात्र ऐटीत होतो.

एकदा नळ फुटून गॅरेजात पाणी साचलं. मी तर पाणीसुद्धा ओढणारा! अच्युतराव धावत आले आणि त्यांनी आधी मलाच उचललं. माझी छाती फुगली. त्यांनी मला उंच फळीवर ठेवलं, "भिजेल बिचारा," म्हणाले आणि खराट्याने पाणी बाहेर लोटू लागले.

मदतीला आलेल्या शेजारच्या मुजावरांनी वर बघून विचारलं, "कसा आहे हो हा? मलाही घ्यायचाय."

"डोळे झाकून घ्या," अच्युतराव म्हणाले. "इतकी वर्षं झाली, एकदाही बिघडला नाही!"

खराटा हसून हसून निम्मा विस्कटला. पण त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मीही वरून नळी डोलावली.